वाप येईपर्यंत

जुलैत पन्हाळ्यावरचे ढग घरात येतात. पुढचं दार उघडं राहिलं की सोप्यात शिरतात, खुंटीवरचा टॉवेल ओला करतात आणि माजघरातून परसदारानं निघून जातात. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी उमटते. अशा दिवसांत अंगणातल्या कुंड्या आत घेण्यावाचून इलाज नसतो. लग्न होऊन गडावर आले त्या पहिल्या पावसाळ्यात मी नऊ कुंड्या आत घेतल्या. ऑगस्ट संपेपर्यंत त्यांतल्या सात गेल्या.

त्यांची पानं माना टाकायची. मला वाटायचं, तहान लागली असेल. मी पाणी घालायचे. दुसऱ्या दिवशी पानं आणखी लवायची, मी आणखी पाणी घालायचे. शेवटी एक कुंडी उपडी केली तेव्हा माती गुळाच्या रव्यासारखी कुंडीच्या आकारात अख्खी बाहेर आली. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. मुळं तपकिरी झाली होती, बोटांत धरली की त्यांची साल अस्तनीसारखी निघून यायची. त्या झाडांना मी पाणी घालून घालून मारलं होतं.

मुळांनाही श्वास लागतो, हे मी शाळेत शिकले होते, पण हाताला ते त्या दिवशी कळलं. चांगल्या मातीत घनफळानं जेमतेम निम्मी माती असते. उरलेली निम्मी जागा मोकळी असते आणि त्या मोकळ्या जागेत साधारण अर्ध्यावर पाणी, अर्ध्यावर हवा नांदते. पाण्यानं हवेची जागा घेतली की मुळाला प्राणवायू मिळत नाही, आणि प्राणवायू मिळाला नाही की मूळ पाणी ओढायचं थांबवतं. त्यामुळे झाड पाण्यात उभं राहून तहानेनं सुकतं. आपण वर बघतो, सुकलेलं पान दिसतं, आणि तांब्या पुन्हा भरून आणतो.

ती माती आमच्या परसातलीच होती, तांबडी. गडाचा सगळा माथा जांभ्याचा आहे. त्याखाली सह्याद्रीच्या या भागात सगळीकडे आहे तो काळा पाषाण. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेनं आणि पावसानं या काळ्या दगडातली सिलिका, चुना, पोटॅश धुऊन नेलं आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं मागे राहिली. जांभ्याचा रंग म्हणजे लोखंडाचा गंज. फ्रान्सिस बुकानन यानं मलबारात अंगडीपुरमला लोक हा दगड जमिनीतून चिरे पाडून काढतात हे पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. जमिनीत असताना हा दगड हत्यारानं कापता येईल इतका मऊ असतो, आणि वारा-ऊन लागलं की घट्ट होत जातो. आमच्या घराच्या भिंती त्याच चिऱ्यांच्या आहेत आणि तो गुण त्यांच्या कामी आला आहे. कुंडीत मात्र त्याच दगडाची माती पाण्यानं लगदा होते, वाळली की पापुद्रा धरते. झाडाला लागणारा स्फुरदही ती आपल्या लोहाशी असा बांधून ठेवते की मुळाच्या हाती फारसं काही लागत नाही.

तांबडी चालत नाही म्हटल्यावर मी काळीकडे गेले. माझं माहेर खाली कासारीच्या काठी. गणपतीला गेले तेव्हा उसाच्या शिवारातली दोन पोती काळी माती घेऊन आले. जिच्यावर हाताच्या मनगटाएवढा ऊस उभा राहतो तिला माझा मनीवेल काय जड, असं वाटलं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला अशा भेगा पडतात की आत हात जावा. शेतात त्या भेगा उपयोगाच्या असतात, त्यांतून जमिनीत वारा जातो. कुंडीत तीच माती आकसून कडेपासून सुटली, घातलेलं पाणी कडेकडेनं उतरून तळाच्या भोकातून बाहेर पडायचं आणि मधला गड्डा कोरडा ठणठणीत राहायचा. पावसाळ्यात उलट तऱ्हा, चिखल सुटता सुटेना. दोन वर्षांत दोन माती झाल्या आणि दोन्ही चांगल्या होत्या, हेच मला कळत नव्हतं.

आज्जीला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, “मुठीत धरून बघितलीस का?”

मग तिनं परड्यातली माती उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. “आवळ. आता मूठ सोड.” मूठ सोडली तर बोटांचे ठसे घेऊन मातीचा लाडू तळहातावर बसला होता. “आता आंगठ्यानं टोच.” टोचला तसा लाडू रवाळ होऊन विस्कटला. आज्जी म्हणाली, “ही वाप. लाडू झालाच न्हाई तर माती कोरडी. झाला आन् फुटला न्हाई तर चिखुल. वाप आल्याबिगर मातीला हात लावायचा न्हाई, पोरी. नांगर असूंदे न्हाईतर खुरपं.”

पुस्तकात त्याला वाफसा म्हणतात, आमच्याकडे वाप म्हणतात, कुणी घात म्हणतं. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं जादा पाणी खाली उतरतं, मोठ्या पोकळ्यांत वारा परततो, बारीक पोकळ्यांत मुळांना पुरेल एवढी ओल राहते. तो दिवस ओळखता येणं हे शेतकऱ्याचं अर्धं शहाणपण. घरच्या म्हाताऱ्या माणसांचं सगळं खरीप या एका शब्दाभोवती फिरायचं. वाप आली का, वाप गेली का, आज तरी वाप येईल का. मी तो शब्द लहानपणापासून ऐकत होते आणि तो फक्त शेताचा आहे अशी माझी समजूत होती. कुंडीत वाप आणायची कशी, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

कारण कुंडीत ती आपली आपण येत नाही. शेतात पाणी खाली जातं, ते खाली आणखी माती असते म्हणून. वरच्या थरातलं पाणी खालचा थर ओढून घेतो, त्याच्याकडून त्याच्या खालचा. कुंडीचा तळ आला की हे ओढणं संपतं. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरला तर थोडं पाणी गळतं आणि थांबतं. तोच स्पंज उभा केला की पुन्हा धार लागते. स्पंज तोच असतो, पाण्याचा खांब तेवढा उंच झालेला असतो. कुंडीच्या तळाशी असाच एक थर कायम चिंब राहतो. तो किती जाड असेल हे माती किती बारीक यावर ठरतं. बारीक माती असेल तर जाड, भरड असेल तर पातळ. उथळ कुंडीत बारीक माती भरली तर त्या चिंब थरातच मुळांचं सगळं घर येतं. तळाला खडीचा थर घाला म्हणजे निचरा होईल, असं मलाही अनेकांनी सांगितलं होतं आणि मी घातलाही होता. बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही, वरच अडतं. खडीनं चिंब थर कमी होत नाही, तो उचलला जाऊन मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती.

हे समजल्यावर मला आमचा डोंगरच वेगळा दिसू लागला. वर सच्छिद्र जांभा, खाली घट्ट काळा पाषाण, दोहोंच्या मध्ये चिकणमातीचा थर. पाऊस जांभ्यातून सरसर खाली मुरतो आणि त्या सांध्याशी अडतो. मग कड्याखाली जिथे तो सांधा उघडा पडतो तिथे झरे फुटतात. जांभ्याचा माथा असलेल्या डोंगरांच्या कुशीत गावं वसली ती अशा पाण्याच्या आधारानं. आम्ही राहतो तीही एक मोठी कुंडीच आहे, तिच्या कडेला भोकं आहेत आणि ती वाहती आहेत तोवर वर सगळं सुखरूप आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला. पाण्यानं भरलेल्या उताराला स्वतःचं ओझं पेलवलं नाही. कितीतरी दिवस माणसं डोक्यावर ओझी घेऊन पायी चढत होती. त्या दिवसांत मी खिडकीतल्या कुंडीतलं ओलं बोट बाहेर काढायचे आणि पोटात कालवायचं. साचलेलं पाणी झाडाला जड जातं तसंच डोंगरालाही जातं.

मग प्रश्न आला, कुणासाठी माती? आपण ‘चांगली माती’ असं सहज म्हणतो, जणू ती सगळ्यांना सारखीच चांगली असते. गडाच्या पश्चिमेला मसाईचं पठार आहे. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले त्या वाटेवरचं पठार म्हणून आज शेकडो मुलं तिथला चिखल भक्तीनं तुडवतात. पावसाच्या शेवटाला अशा जांभ्याच्या सड्यांवर इंचभर मातीत रानफुलं उगवतात. त्यांत कीटक धरून खाणारी झाडंही असतात, दवबिंदू असते, सीतेची आसवं असतात. त्या मातीत नत्र इतका कमी की झाडानं तो किड्यांच्या अंगातून घ्यायला सुरुवात केली. दवबिंदूला जर कुणी प्रेमानं शेणखत घातलं तर ती मरून जाईल. तिला गरिबीच मानवते.

आपण घरात आणतो ती बहुतेक झाडं, मनीवेल, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, ही उष्ण प्रदेशांतल्या घनदाट रानांतली. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायचं, त्यांच्या खोडांना धरून वर चढायचं, ही त्यांची रीत. म्हणून तर खिडकीआडच्या मंद उजेडात ती तग धरतात. त्यांच्या मुळांना सवय असते ती सालीची, कुजत्या पाल्याची, पाऊस आला की भिजून लगेच वाऱ्याला लागण्याची. अशा झाडाला उसाच्या शिवारातली माती देणं म्हणजे पाखराला गोठ्यात बांधणं होतं. झाड कुठून आलं, हे विचारल्याशिवाय त्याला कुठली माती द्यायची ते ठरत नाही.

आता दरवर्षी मे महिन्यात, वळवाच्या आधी, मी सोप्यात गोणपाट अंथरून माती कालवायला बसते. तीन घमेली परसातली तांबडी, चाळून. तिच्यात थोडीच काळी, पाणी आणि अन्न धरून ठेवण्यापुरती. दोन घमेली वर्षभर मुरलेलं शेणखत. ते मुरलं की नाही हे नाकानं कळतं. कच्च्याला गोठ्याचा वास येतो, मुरलेल्याला पहिल्या पावसाचा. तो वास मातीतल्या सूक्ष्म जीवांचा असतो, आणि तो आला म्हणजे त्यांचं काम झालेलं असतं. मग दोन घमेली भाताची तुसं. पन्हाळा, शाहूवाडीकडे भात पिकतो, गिरणीपाशी तुसांचे ढीग असतात. तुसांत सिलिका भरपूर, त्यामुळे ती लवकर कुजत नाहीत आणि मातीचे कण एकमेकांना चिकटू देत नाहीत. एक घमेलं धुतलेलं कोकोपीट. ते धुवावंच लागतं, काथ्यात क्षार असू शकतात. ओंजळभर चुलीची राख, तांबड्या मातीचा आंबटपणा मोडायला. मनीवेलासारख्या चढणाऱ्यांसाठी तांबडी निम्मी करते आणि तिच्या जागी विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि वाळलेली साल. कोरफडीसाठी शेणखत कमी, तुकडे जास्त. घमेलं हे माप बरं, कारण मातीत वजनापेक्षा जागा मोजायची असते.

कालवून झाल्यावर पाणी शिंपडते, मूठ आवळते, टोचते. लाडू विस्कटला की पुढे जाते. नाही विस्कटला तर आणखी तुसं.

माझे मामा गंगावेशीतल्या तालमीत खेळलेले. एकदा मी माती कालवताना ते आले, उकिडवे बसले आणि न सांगता हात घातला. कोपरापर्यंत. म्हणाले, “लई दिवसांनी मातीत हात घातला.” तालमीच्या हौद्यातली माती कशी करतात ते त्यांनी सांगितलं. तांबडी माती कणकेसारखी चाळायची, तिच्यात काव, ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. हळद-लिंबू खरचटलेल्याला बाधू नये म्हणून, तेल-ताक माती मऊ राहावी म्हणून. पण मामांनी जोर दिला तो दुसऱ्याच गोष्टीवर. “रोज पहाटं पयल्यांदा माती उकरायची. फावड्यानं. अंगाखाली दबती ती. उकरली न्हाई तर दगूड हुतोय, मग पडणाऱ्याचं हाड मोडतंय.” हौदा उकरणं हाच पोरांचा पहिला व्यायाम. मिसळलेलं सगळं असूनही माती दबली तर तिचा उपयोग संपतो, हे पैलवानाला पाठीनं कळतं, मला मुळांवरून कळलं. म्हणून मी कुंडी भरताना माती अंगठ्यानं दाबत नाही. दोनदा जमिनीवर हलके आपटते, तेवढ्यानं बसायची ती बसते. आणि दर वर्ष-दीड वर्षानं माती सोडवते, कारण खत कुजून खाली बसतं आणि पोकळ्या मिटत जातात.

माती कालवणं हा जगात सगळीकडे गंभीर विषय झालेला आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लंडनजवळ मर्टनच्या जॉन इनेस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी कुंडीसाठी प्रमाणबद्ध मिश्रण ठरवलं. सात भाग पोयट्याची माती, तीन भाग पीट, दोन भाग भरड वाळू. त्याआधी प्रत्येक माळी आपापलं गुपित मिश्रण जपायचा आणि रोपं रोगानं जायची. लॉरेन्स यांनी माती वाफवून घ्यायला सांगितलं, म्हणजे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. मला वाचताना आमच्याकडचा भाताचा तरवा आठवला. सह्याद्रीच्या भातपट्ट्यात उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पाला, फांद्या, गवत यांचे थर देऊन राब भाजतात. त्या आगीनं तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते. पाल्याफांद्या जाळण्याचं मोल रानानं चुकवलं, हे मला विसरता येत नाही. पण कोवळ्या रोपासाठी माती वेगळी तयार करावी लागते, हे त्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि कोल्हापूरनं तर या विषयाला एक गणिताचा प्राध्यापक दिला. श्री. अ. दाभोळकर. त्यांच्या प्रयोग परिवारानं साध्या शेतकऱ्याला प्रयोग करणारा माणूस मानलं. पालापाचोळा, उसाचं चिपाड, घरातला ओला कचरा कुजवून जिवंत माती घराच्या गच्चीवरही घडवता येते, आणि ऊन, पान, मूळ यांचा हिशेब मांडला तर थोड्या जागेत पुष्कळ पिकतं, हे ते समजावत राहिले. त्यांचं मला सगळ्यात पटलेलं ते हे, की माती मिळते तशी घडवताही येते. शंभर-दोनशे रुपयांना तयार मिश्रणाची पिशवी शहरात मिळते आणि गच्चीवर राहणाऱ्याला तिचा आधार आहे. पण पिशवीतल्या मातीला हात लावून बघायची आपली सवय सुटू नये, एवढंच मला वाटतं.

घरात झाड लावणं हे नवं खूळ आहे, असं माझ्या घरची वडीलधारी म्हणायची. मला ते पटत नाही. घटस्थापनेला आपण दुसरं काय करतो? आज्जी शेतातली माती आणायची, चाळायची, देवघरात पत्रावळीवर पसरायची. त्यावर घट, भोवती धान्य. घट मातीच्या साध्या मडक्याचा, त्यातून पाणी पाझरून माती आपोआप ओली राहायची. वरून पाणी घालायचं तेही ओंजळीनं. मी लहानपणी माती थोपटायला गेले की ती हात धरायची, “दाबू नगं. त्येला वर यायला वाट पायजे.” नऊ दिवसांत देवघराच्या अंधारात पिवळे कोंब हातभर व्हायचे, उजेड शोधत लांब झालेले. दाण्याची शिदोरी दाण्यातच असते. मातीनं त्याला द्यायचं ते एवढंच, ओल, वारा आणि उभं राहायला आधार.

इथे गडावर अंबरखाना आहे. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठारांचा. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. छतातल्या भोकांतून धान्य आत सोडत. ढग घरात शिरतात अशा डोंगरावर धान्याला ओल लागू न देणं किती अवघड असेल, हे इथे पावसाळा काढल्याशिवाय कळायचं नाही. त्या जाड भिंतींपाशी उभी राहिले की मला आज्जीची पत्रावळ आठवते. तोच दाणा. कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं निजतो, ओल आणि वारा एकत्र मिळाले तर तिसऱ्या दिवशी डोळा उघडतो. नुसती ओल मिळाली तर कुजतो.

आज्जी जाऊन आता बरीच वर्षं झाली. दसऱ्याला घट हलवले की कोंब घरातल्यांच्या टोपीत, केसांत खोवले जातात आणि खालची माती पत्रावळीसकट परसातल्या चाफ्याच्या बुंध्याशी जाते. त्याच दिवशी मी घरातल्या सगळ्या कुंड्या बाहेर काढते, दमलेली माती सोडवते, तीही तिथेच ओतते. गेल्या दसऱ्याला त्या ढिगातून एक मूठ उचलली. तिच्यात माहेरची काळी होती, गडाची तांबडी होती, गिरणीतली तुसं कुजून अर्धी झाली होती, घटातल्या गव्हाचं एक पांढरं मूळ लोंबत होतं. मी मूठ आवळली आणि सोडली. लाडू बसला. अंगठा टेकवला तसा विस्कटला.

पाऊस उघडून चार दिवस झाले होते. जमिनीला वाप आली होती. मी खुरपं घ्यायला आत गेले.